जंगलात शिरायचं परमिट

माझी मुलगी कॅलिफोर्नियात शिकते. जूनमध्ये तिला पदवी मिळणार होती आणि त्यासाठी मी आणि बायको कुवेतहून जाणार होतो. पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, ते तिनं फेब्रुवारीतच ठरवून टाकलं. एक नकाशा पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा, तुम्ही आणि मी. फुल डे. नो एक्स्क्यूजेस."

नकाशा रेडवुडच्या एका राखीव जंगलाचा होता. वाट एकोणीस किलोमीटरची. सकाळी शिरायचं, अंधाराच्या आत बाहेर पडायचं. सातशे मीटरची चढण, तेवढीच उतरण. वाटेत दोन ओढे, आणि ते ओलांडायला पुलाऐवजी आडवी पडलेली खोडं. मधल्या तेरा-चौदा किलोमीटरांत फोनला रेंज नाही.

रेंज नाही हे वाचून दुसऱ्या एखाद्या बापानं काय केलं असतं, मला माहीत नाही. मी परमिट काढायला बसलो.

मी मीना अल-अहमदीला सेफ्टी ऑफिसर आहे. सोळा वर्षं झाली. रिफायनरीत बंद टाकीच्या आत माणूस उतरवायचा असेल तर आधी एक कागद भरावा लागतो, त्याला परमिट म्हणतात. आत हवा कशी आहे, कोण उतरणार, किती वेळ, आतल्या माणसाला काही झालं तर बाहेर कसं काढणार, आणि टाकीच्या तोंडाशी उभं कोण राहणार. तोंडाशी उभ्या राहणाऱ्याला स्टँडबाय म्हणतात. त्यानं जागा सोडायची नाही. आतला माणूस कोसळला तरी त्यानं आत उडी मारायची नाही, फक्त मदत बोलवायची. आणि काही बिघडतंय असं वाटलं तर कुणीही, अगदी झाडूवाल्यानंही, हात वर केला की काम थांबतं. कारण नंतर विचारायचं.

हे काम मला वशिल्यानं मिळालेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, मग सेफ्टीचा डिप्लोमा केला. मी हे सांगायला लागलो की बायको म्हणते, "झालं सुरू." पण मी उगाच मिरवत नाही. मुलीच्या पदवीच्या खाली माझी पदवी आहे, आणि माझ्या पदवीच्या खाली एक पाठ आहे. ती पाठ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. मी गेल्या साली एकोणपन्नास पूर्ण केली.

नव्या लोकांना शिकवायला माझ्या लॅपटॉपमध्ये एक नमुन्याचं परमिट आहे. सगळे रकाने भरलेले, सगळ्या चौकोनांत टिक केलेली, म्हणजे असं भरायचं हे दाखवता येतं. मी त्याचीच प्रत काढली आणि टाकीच्या जागी जंगल लिहिलं. धोक्यांच्या रकान्यात वरून पडणाऱ्या फांद्या, ओली मुळं, धुक्यात वाट चुकणं, काळं अस्वल. परत फिरायची वेळ दुपारी एक, जिथं असू तिथून. बायकोचे गुडघे चढ घेत नाहीत, म्हणून ती जंगलाच्या गेटवर गाडीत बसणार. ती स्टँडबाय. पाच वाजेपर्यंत आम्ही बाहेर आलो नाही तर तिनं वनरक्षकांच्या चौकीवर जायचं. हे सगळं मी मुलीशी शेअर केलं, म्हणजे तिला तिकडून भर घालता येईल.

शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. केस ओले, हातात टोस्ट.

"बाबा, धिस इज अ फॉरेस्ट. नॉट अ टँक."

"एकीकडून शिरायचं आणि मधे कुठं दार नाही. टाकीच ती."

"मग झाडांना हेल्मेट घालायचं का?"

"तुला घालायचंय."

"आणि अस्वलाची सही कुठं घेणार?"

तिची आई मागून भाकरी थापता थापता म्हणाली, "घेतील. घेतल्याबिगर सोडायचे न्हाईत त्याला."

तिघंही हसलो. मग मुलगी फाइल खाली सरकवत म्हणाली, "मेडिकल फिटनेसपुढं टिक आहे. चेकअप केलंत? गुड."

ती टिक मी केली नव्हती. ती नमुन्यातून आलेली होती. नाव बदललं, जागा बदलली, वेळ बदलली. खालचे चौकोन मी पाहिलेच नव्हते. त्या क्षणी सांगायला काही अवघड नव्हतं. पण सेफ्टी ऑफिसरनं न बघता कागद पुढं पाठवला, हे स्वतःच्या मुलीला कसं सांगायचं? तेही त्या जंगलाच्या कागदाबाबत?

मी म्हटलं, "हो."

तोवर मला काही होत नव्हतं. माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल.

कुवेतमध्ये चढ नाही. जमीन हातानं सारवल्यासारखी सपाट. सराव करायचा तर जिना. मंगाफला आम्ही राहतो ती इमारत अकरा मजल्यांची आहे. मी पहाटे पाचला बूट घालून निघायचो. बूट डोंगरात चालायचे, घोट्याच्या वरपर्यंतचे, मुलीनं सांगितलेल्या जातीचेच घेतलेले. ते आधी वापरून मऊ करावे लागतात म्हणाली. अकरा मजले वर, अकरा खाली, असं तीनदा. मार्चमध्ये चारदा केलं. बायको नर्स आहे, सरकारी दवाखान्यात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात. ती ड्यूटीवरून यायची आणि मी घामानं भिजलेला दारात भेटायचो. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सातव्या मजल्यावर थांबलो. थांबलो म्हणजे पाय थांबले. सातव्यावर एक मिसरी, म्हणजे इजिप्तचं, कुटुंब राहतं, त्यांच्या दाराबाहेर चपलांचं कपाट आहे. त्याला टेकलो. छातीवर कुणी हात ठेवून उभं आहे असं वाटत होतं. दुखत नव्हतं. नुसता हात. जिन्यात कोणाच्या तरी घरच्या उदाचा वास कोंडला होता, आणि मी स्वतःला सांगितलं, याच्यामुळंच. कपाट हललं असणार, कारण दार उघडून बाईंनी डोकं बाहेर काढलं. मला बघून आत गेल्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. अरबीत काही विचारलं. मी म्हटलं, "माफी मुश्किल." इथं सगळ्याच गोष्टींना आम्ही हेच म्हणतो. काही अडचण नाही.

पाच मिनिटांत तो हात निघून गेला. मी उरलेले चार मजले चढलो. का चढलो? सरावाच्या वहीत अकरा लिहायचं होतं म्हणून.

त्याच महिन्यात आमच्याकडं शटडाउन होता, म्हणजे यंत्रं बंद ठेवून आतली दुरुस्ती. टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर गेटवर बघतात. एका वयस्कर फिटरचं जास्त निघालं. बारक्या अंगाचा माणूस, कपाळावर हेल्मेटचा वळ कायमचा उठलेला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहब, टिक कर दो ना. इतना तो ऊपर-नीचे होता रहता है."

मी म्हटलं, "मैंने जो देखा नहीं, उस पर टिक नहीं करता."

त्याला सावलीत बसवलं, त्याच्या जागी दुसरा पाठवला. तो रागावला नाही. पाण्याची बाटली मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत राहिला. "ठीक है साहब," म्हणाला, "आप पढ़े-लिखे आदमी हो."

हे वाक्य मला आयुष्यभर ऐकायला आवडलेलं आहे. त्या दिवशी मी ते ऐकून लगेच दुसरीकडं गेलो.

मुलीचे मेसेज चालूच होते. ती मैत्रिणींबरोबर त्या जंगलाचा पहिला टप्पा बघून आली आणि फोटो पाठवले. धुकं एवढं की झाडांचे शेंडे दिसत नव्हते; नुसती खोडं वर जाऊन नाहीशी झालेली. एका फोटोत ती झाडाच्या आत उभी होती. कधीकाळी वणवा लागून ते खोड आतून जळून पोकळ झालेलं. आतली भिंत काळी, कोळशासारखी. तोंड माणूस वाकून शिरेल एवढं. तिनं लिहिलं होतं, "बाबा, याचा आतला भाग शेकडो वर्षांपूर्वी गेलाय. तरी वर हिरवं आहे. साल काम करत राहते. बाहेरून बघून कुणाला कळणार पण नाही."

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. ते तोंड आमच्या टाकीच्या तोंडाएवढंच होतं, आणि तिच्या बाजूला कुणी उभं नव्हतं. मी फाइल उघडून धोक्यांच्या रकान्यात लिहिलं: पोकळ झाडात शिरू नये. तिकडून हसणारे चार चेहरे आले.

एप्रिल संपता संपता आम्ही एका शुक्रवारी खैरानला गेलो. उन्हाळा अजून पुरता चढला नव्हता. पहाटे निघालं तर नऊपर्यंत समुद्रकाठी चालता येतं. बायको थर्मास घेऊन चटईवर बसली. मी पाठीवर बॅग चढवली, तीत पाण्याच्या आठ बाटल्या, कारण जंगलात तेवढं वजन होणार होतं. बंद शॅलेंच्या, म्हणजे सुट्टीच्या घरांच्या, समोरून ओल्या वाळूवर चालत गेलो. सपाट वाळू, चढ तर सोडाच, उंबरठासुद्धा नाही. परत येताना तिच्यापासून दोनशे पावलांवर असेन, तर तो हात पुन्हा आला. या वेळी छातीतून डाव्या खांद्यात गेला, आणि तिथून जबड्यात. दाढ दुखते तसं. मी वाळूवर बसलो आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागलो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नाडी सुटली.

ती उठून आली. "काय झालं?"

"काही न्हाई. बॅगचा पट्टा रुतायलाय."

तिनं माझं मनगट धरलं. प्रेमानं धरलं असं कुणालाही वाटलं असतं. ती घड्याळाकडं बघत होती.

"चहा घ्या," म्हणाली. मग आम्ही परत निघालो. पेट्रोलपंपावर मी उतरायला लागलो तर म्हणाली, "बसा तुम्ही. मी सांगते त्याला."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. किंवा कळलं होतं, आणि मी ते न बघता पुढं पाठवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात धुळीचं वादळ आलं. चार वाजता सूर्य तांब्याच्या झाकणासारखा लोंबत होता आणि खिडक्यांच्या फटींना आम्ही ओले टॉवेल लावले होते. घरात सगळं पिवळं दिसत होतं. विमानाची तिकिटं आलेली, व्हिसा आलेले. मी परमिटची छापील प्रत टेबलावर ठेवली होती, फाइलला लावायला. बायकोनं ती उचलली आणि चष्मा लावून वाचायला बसली. ती वॉर्डातले केसपेपर वाचते तसं, ओळीखाली बोट ठेवून.

"स्टँडबाय मी."

"हो."

"मी गेटवर. पाच वाजेपर्यंत."

"हो."

"आणि दुपारी एक वाजता तुम्ही कुठं?"

"वर. चढ संपतो तिथं."

"फोन?"

"लागत न्हाई. लिहिलंय की."

"मग तिथं तुम्ही दम खायला बसलात, तर पोरीनं काय करायचं?"

मी कागद घ्यायला हात पुढं केला. तिनं तो सोडला नाही.

"सातव्या मजल्यावरच्या बाईनं मला लिफ्टमधी विचारलं, तुझा नवरा बरा हाय का आता. मी म्हटलं, त्याला काय झालंय? तिलाच माझी कीव आली."

"उदाचा वास होता जिन्यात."

"आणि खैरानला?"

"पट्टा रुतला होता, सांगितलं ना."

"पट्टा जबड्याला नसतो," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी हेच बघायले. जबडा धरून येतात आणि दाढ दुखते म्हणतात. खोटं बोलायलात तुम्ही, आणि तेबी मला." मग तिचं बोट खालच्या चौकोनावर येऊन थांबलं. "ही टिक कुणी केली?"

"नमुन्यातली आहे."

"पुसली का न्हाई?"

बाहेर वारा एखाद्या रिकाम्या ड्रमला घासत जावा तसा आवाज करत होता. मी तिला ती गोष्ट सांगितली, जी मी लग्नाला चोवीस वर्षं होऊन सांगितली नव्हती.

वडील गेले तेव्हा मी परीक्षेत होतो, एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. ते खरंच आहे. शेवटच्या वर्षाचा पेपर होता. सकाळी कॉलेजात जाताना मी मोंढ्यावरून गेलो, कारण डबा मला पोचवायचा असायचा. वडील फळीच्या खालच्या टोकाशी पोत्यांच्या थप्पीवर बसले होते. काम चालू असताना ते बसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. एक हात खांद्यावर, अंगठा जबड्याखाली. चेहरा ओला. मी विचारलं, "काय झालं, दादा?" ते म्हणाले, "काही न्हाई. जरा दम खातो. तू जा, पेपर हाय." मी डबा ठेवला. थोडा वेळ उभा राहिलो. आजूबाजूला चाळीसेक माणसं होती, एकालाही हाक मारली नाही. कारण ते म्हणाले, काही न्हाई. आणि कारण पेपर होता. मी गेलो, तीन तास बसून लिहिलं. परत आलो तेव्हा पोती तिथंच होती.

त्या पेपरात मला एकसष्ट मार्क पडले. ते माझ्या पदवीत धरलेले आहेत.

बायकोनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती रडली नाही, तिच्या कामात तसं करून चालत नाही. म्हणाली, "तुमच्या आजूबाजूला चाळीस माणसं तरी होती. तिला तिथं झाडं असणार नुसती."

सहाला मुलीला फोन लावला. माझ्या हातानं लावला. तिच्याकडं सकाळचे आठ. मी इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं, की ती टिक खोटी आहे, मी तपासणी केलेली नाही, आणि महिनाभर मला त्रास होतोय. जिना, खैरान, सगळं. आजोबांचंही सांगितलं, पोत्यावर बसलेले. मला वाटलं होतं ती ओरडेल. पडद्यावर तिनं मान वळवली. मागं तिच्या खोलीत दोन बॅगा भिंतीला टेकून ठेवलेल्या दिसत होत्या. एक तिची. दुसरी नवीकोरी, निळी, पट्ट्याला अजून दुकानाची चिठ्ठी असलेली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"थोडं थोडं."

"आणि तरी तुम्ही मला तिथं नेणार होतात. तुम्ही दम खातो म्हणाला असतात, आणि मी वाट बघत बसले असते." तिचा आवाज एकदम लहान झाला. "किती वेळ बसले असते, बाबा? मला काय कळलं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मला कळायला अठ्ठावीसेक वर्षं लागली होती. 

माझा लॅपटॉप समोर उघडाच होता. फाइलमध्ये तिकडून काही हललं. मी बघत असताना तो चौकोन रिकामा झाला. तिनं टिक पुसली होती. मग वरच्या रकान्यात, परत फिरायची वेळ होती तिथं, 'दुपारी एक' हे शब्द एकेक अक्षर करून गेले. त्या जागी तिनं काही लिहिलं नाही.

"आईला फोन द्या," म्हणाली.

त्या दोघी आतल्या खोलीत बराच वेळ बोलत होत्या. मी टॉवेल पुन्हा ओले करून खिडक्यांना लावले. पाण्याला मातीचा रंग येत होता.

तपासणीची वेळ बायकोनं दवाखान्यातल्या ओळखीनं दुसऱ्याच दिवशीची मिळवली. माझ्या आयुष्यातला हा पहिला वशिला. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाली, "गप चला." ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायला बूट लागतात, म्हणून मी तेच घातले, डोंगराचे. तोवर ते छान मऊ झाले होते.

छातीला वायरी चिकटवल्या. मशीन चालवणारा तंत्रज्ञ केरळचा होता, बायकोला सिस्टर म्हणणारा. त्यानं हिंदीत समजावलं, की दर तीन मिनिटांनी पट्टा तिरपा होत जाईल, चढासारखा, आणि त्रास झाला तर लगेच सांगा, ताकद दाखवायला चालू नका. "सब लोग दिखाते हैं," म्हणाला. बायको मशीनच्या पलीकडं उभी राहिली, जिथून तिला पडदाही दिसेल आणि मीही. तिनं कुणाला विचारलं नाही. टाकीच्या तोंडाशी उभं राहतात तशीच ती उभी होती, आणि मला माहीत होतं की काही झालं तरी ती तिथून हलणार नाही.

पट्टा सुरू झाला. पहिली तीन मिनिटं मी जिन्यावर होतो. मग पट्ट्याचं पुढचं टोक वर उचललं गेलं. समोर भिंत होती, हिरवट रंगाची, आणि मी ठरवलं की ते जंगल आहे. कुठपर्यंत गेलो असतो, कोण जाणे. पहिला ओढासुद्धा आला नसेल. तो हात आला. छातीवर, मग खांद्यावर. मी चालत राहिलो. एक पाऊल, दुसरं पाऊल. अजून थोडं, असं डोक्यात कुणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज माझा नव्हता, मोंढ्यातला होता. जबड्यात कळ शिरली तेव्हा मी बायकोकडं पाहिलं. ती पडद्याकडं बघत होती. तिनं मला थांबवलं नाही. ते मीच करावं, असं तिला हवं होतं.

मी हात वर केला.

पट्टा थांबला. कुणी कारण विचारलं नाही. डॉक्टर आत आले, त्यांनी मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी दोन हातांत ताणून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली, आणि बाहेर गेले. मोठ्या डॉक्टरांना बोलवायला, ते मला नंतर कळलं. दार त्यांनी उघडंच ठेवलं. मी खाली उतरायला पाय टाकला तर तंत्रज्ञ म्हणाला, "नहीं नहीं, बैठिए," आणि स्टूल पुढं सरकवलं. आता तो माझ्याकडं बघत नव्हता.

बायको गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे असे, की घरात देवापुढंही ती खुर्चीवर बसते. तिनं माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

"अगं, मी काढतो की. चालत जायचंय ना आपल्याला."

"चालत न्हाई," ती मान वर न करता म्हणाली. "खुर्ची आणायलेत ते."

एक बूट निघाला, मग दुसरा. बाहेर लांब कॉरिडॉरमध्ये चाकांचा आवाज येत होता, जवळ येत होता. मी तिला म्हटलं, बूट पिशवीत नीट ठेव. नवे आहेत.